सत्तावीस वर्षांचं अल्ब्युमिन

वरलक्ष्मीला सकाळपासून मॉर्फिनचे सहा डोस दिले होते आणि तिला एकाचाही गुण आला नव्हता. औषध खोटं नव्हतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी त्याच बाटलीतल्या एका डोसावर गाढ झोपली होती.

"सहा डोसांत घोडा आडवा होईल की वो," वरलक्ष्मीचे वडील अंबादास यन्नम म्हणाले. "हिचं का दुखायलंय मग?"

डॉ. उमराणींना उत्तर ठाऊक होतं. आठवडाभर त्या ते सांगायचं टाळत होत्या, कारण औषध लागू न पडण्याची सुरुवात त्यांच्याच हातून झाली होती.

आपल्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. यकृत ते रोज बनवतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं हे त्याचं एक काम. दुसरं काम हमालीचं. संप्रेरकं, औषधं, काय काय अंगावर घेऊन ते शरीरभर हिंडतं. वीसेक दिवसांत ते जुनं होतं आणि शरीर त्याला मोडीत काढतं. वरलक्ष्मीला लहानपणापासून मूत्रपिंडाचा आजार होता. तिचं अल्ब्युमिन लघवीवाटे गळून जाई, पाणी अंगात उतरे, तोंड सुजून डोळे मिटत. दर तीन आठवड्यांनी शिरेतून अल्ब्युमिनची बाटली चढवायची आणि तीही गळून जायची वाट बघायची, असं चाललं होतं.

त्या सुमारास, म्हणजे २०५७ साली, 'अक्षय अल्ब्युमिन' आलं. पेशी जुनं अल्ब्युमिन पारखतात. काही मोडीत काढतात, काही 'अजून चालेल' म्हणून रक्तात परत सोडतात. संशोधकांनी रेणूत असा फेरफार केला की पेशींनी त्याला दरवेळी परतच सोडावं. मूत्रपिंडाच्या चाळणीतून निसटू नये म्हणून त्याचा आकारही वाढवला. एक बाटली, आणि जन्माची निश्चिंती. आठ वर्षांच्या वरलक्ष्मीला ती बाटली लावली तरुण डॉ. उमराणींनीच. अंबादास सोलापुरात चादरींच्या सुताला रंग द्यायचे. एक घाव दोन तुकडे, असा त्यांचा स्वभाव. कागद न वाचता त्यांनी सही केली. त्यांच्या जागी कोणीही केली असती.

औषधानंही शब्द पाळला. पोर धावली, शिकली, शाळेत गणित शिकवू लागली. सत्तावीस वर्षं सुखाची गेली, हे कबूल केलंच पाहिजे. मग हाडांत कर्करोग निघाला आणि पाठोपाठ हे दुखणं.

"तुमच्या धंद्यातलंच सांगते, अंबादासराव," डॉक्टर म्हणाल्या. "सूत रंगात बुडवलं की काय होतं?"

"सूत रंग धरतं. चांगला धरला तर मागं पाणी नितळ राहतंय."

"औषधाचं तसंच आहे. अल्ब्युमिननं धरलेलं औषध काम करत नाही. मोकळं राहील तेवढंच करतं. साधं अल्ब्युमिन धरतं आणि सोडतंही. पण सत्तावीस वर्षांचं अल्ब्युमिन जगात कोणी पाहिलंच नव्हतं. ते म्हातारं होत गेलं तशी त्याची पकड घट्ट झाली. आता ते नुसतं धरतं, वेदनेवरचं कुठलंही औषध असो."

"मग डोस वाढवा की."

"वाढवलाय. ते काठोकाठ भरलं की पुढचं औषध सगळं एकदम मोकळं सुटेल आणि श्वास थांबेल. ते कोणत्या थेंबाला होईल, मला सांगता येत नाही."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं. ते म्हातारं झाल्यावर काय, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

"काढून टाका मग ते अंगातनं."

तेही शक्य होतं. यंत्रातून रक्त फिरवून अक्षय काढायचं, त्याच्या जागी साधं अल्ब्युमिन भरायचं. मॉर्फिन लगेच लागू पडलं असतं. पण वरलक्ष्मीचा मूळ आजार बरा झालेलाच नव्हता, नुसता झाकला गेला होता. शिवाय रक्तात कमी काहीच नाही असं पाहून यकृतानं अल्ब्युमिन बनवायचं केव्हाच सोडलं होतं. साधं भरावं तेवढं गळणार होतं. बिनदुखण्याचे दिवस मिळाले असते आठ, फार तर दहा. काढलं नाही तर दोन महिने, पण असे. इकडे आड, तिकडे विहीर.

वरलक्ष्मी सगळं ऐकत होती. "नाना, काढायला सांगा," ती म्हणाली. बापाला रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षय काढलं. मधाच्या रंगाची ती पिशवी नाव घालून फ्रीजमध्ये ठेवली. त्या दुपारी वरलक्ष्मी चार तास झोपली. तिसऱ्या दिवशी तिनं इडली मागून खाल्ली, वडिलांकडून वेणी घालून घेतली आणि ती वाकडी झाली म्हणून त्यांना चिडवलं.

"नाना, आता जगावं वाटायलंय," ती म्हणाली. "दुखत होतं तेव्हा वाटत नव्हतं."

अंबादासांनी डॉक्टरांना बोलावलं.

"ते परत घालता येईल?" वरलक्ष्मीनं विचारलं.

"येईल. ते खराब होत नाही. बाकीच्या अवयवांना धक्का लागलेला नाही तोवर दोन महिनेही परत मिळतील."

"आणि दुखणं?"

"तेही."

"आज नको," ती म्हणाली. "उद्या बघू."

रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे, पिशवी वापरण्याजोगी आहे तोवर सकाळ-संध्याकाळ विचारणं भाग होतं. चौथ्या दिवशीही ती 'उद्या बघू' म्हणाली, पाचव्याही. रोज थोडं हसणं, थोडं खाणं आणि तेवढंच उत्तर. सहाव्या दिवशी तोंड सुजलं, डोळे उघडेनात. सातव्या दिवशी सकाळी हाक मारली तर तिनं ओ दिली नाही.

"आता तुम्ही सांगायचं," डॉक्टर अंबादासांना म्हणाल्या. "अजून वेळ आहे. घातलं तर शुद्धीवर येईल."

"आत्ता दुखायलंय का तिला?"

"नाही."

"शुद्धीवर आली की?"

"दुखेल."

अंबादासांनी मुलीचा सुजलेला हात हातात घेतला. तिला एकदा बोलताना ऐकावं, याखेरीज त्यांना जगात काही नको होतं.

"राहू दे," ते म्हणाले.

संध्याकाळी पाच वाजता डॉक्टर पुन्हा विचारायला आल्या. पिशवी अजून चांगली होती.