परकी वस्तू

उन्हाळ्यात सकाळी सातचा भोंगा झाला, की निम्मं वर्धा खिडक्या लावून घरात बसायचं. वर ओझोनचा थर विरळ झाला होता आणि खाली घरोघरी ऊनपित्त शिरलं होतं. दहा मिनिटं उन्हात उभं राहिलं, की अंगभर बोराएवढ्या गांधी उठत आणि भला माणूस भिंतीला पाठ घासत सुटे. शाळा, बाजार, लग्नं, सगळं सूर्य मावळल्यावर. ज्यांना ऊन बाधत नव्हतं ते भाग्यवान भरदुपारी मैदानावर क्रिकेट खेळत आणि वर त्याचा माजही करत.

वामनराव टेंभुर्णे एकेकाळी त्याच मैदानावरचे अंपायर. सहा वर्षं ते पडद्याच्या फटीतून दुसऱ्यांचे चुकीचे निर्णय बघत होते, आणि उन्हापेक्षा त्या निर्णयांनीच त्यांचं पित्त जास्त खवळे. मग न राहवून ते मैदान गाठत आणि तासाभरात टोमॅटोसारखे होऊन परत येत. त्यांच्या पत्नी कुमुदताई आधी यथेच्छ तोंडसुख घेत आणि मग आमसुलाचं पाणी त्यांच्या पाठीला चोळत बसत. तो गार हात फिरला की वामनरावांचा जीव थाऱ्यावर येई.

अशात डॉ. अल्पना मेश्राम यांनी ‘विसरलस’ नावाची लस काढली. वामनराव पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात हजर झाले. आयुष्यभर सोबत असलेलं ऊन एकाएकी वैरी कसं झालं, हे त्यांना आधी समजून घ्यायचं होतं.

“ऊन वैरी नाही हो,” डॉक्टर म्हणाल्या. “उन्हानं तुमच्या कातडीतला एक साधा रेणू वेश बदलतो. कातडीतल्या पहारेकरी पेशी त्याला ओळखत नाहीत. चोर शिरला म्हणून बोंब मारतात. ह्या गांधी म्हणजे ती बोंब.”

विसरलस त्या पहारेकऱ्यांची स्मृती पुसून टाकते. आपलं कोण आणि परकं कोण, सगळं साफ. मात्र पुढचे दोन तास पेशी कोऱ्या असतात, आणि त्या वेळात अंगाला जे पहिलं लागेल ते परकं म्हणून कायमचं ठसतं. म्हणून रोग्याला निर्जंतुक चादरीत एकटं बसवायचं. दारावर पाटीच होती: ‘दोन तास कोणतीही परकी वस्तू अंगाला लावू नये.’

कुमुदताईंनी ती पाटी नीट वाचली. वीसेक मिनिटांनी लशीची खाज सुटली, आतून वामनरावांचं कण्हणं ऐकू आलं, तशी त्यांनी पिशवीतून आमसुलाच्या पाण्याची बाटली काढली, आत शिरल्या आणि आधी त्यांच्या पाठीवरून हात फिरवून मग पाणी चोळलं. नंतर डॉक्टरांनी जाब विचारला, तेव्हा त्यांनी पाटीकडे बोट केलं.

“परकी वस्तू नको म्हणून लिहिलं ना? आमसूल घरचं होतं. आन् मी ह्यायले कुठची परकी?”

दुसऱ्या दिवशी वामनराव तीन तास भर उन्हात उभे राहिले आणि त्यांना साधी खाज आली नाही. आनंदानं घरी येऊन त्यांनी बायकोचा हात धरला, तर त्यांच्याच हाताला मनगटापर्यंत गांधी. डॉक्टरांनी आमसूल लावून पाहिलं, बाटलीतलं पाणी लावून पाहिलं, शेजारणीचाही हात लावून पाहिला. काही नाही. कुमुदताईंनी खांद्यावर नुसता पंजा टेकवला आणि पाच बोटं लालभडक उमटली.

“एकतीस वर्षं झाली लग्नाला,” त्या हळूच म्हणाल्या. डॉक्टरांनी मान खाली घातली. कातडीला ती एकतीस वर्षं आता आठवत नव्हती.

विसरलस जन्मात एकदाच घेता येते. एक उतारा होता. तो घेतला तर बायको परत आपली होईल, पण ऊनपित्तही परत येईल, आणि तो आठ दिवसांत घ्यायला हवा. मैदानावरच्या क्रिकेट स्पर्धेची फायनल बरोबर आठव्या दिवशी होती. बॉल पॅडला लागायच्या आत बोट वर करणाऱ्या वामनरावांनी ह्या वेळी छताकडे पाहिलं, घसा साफ केला आणि बघू म्हणाले.

कुमुदताईंनी भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले. त्या मोज्यांनी त्यांनी आठ दिवस चहा दिला, ताट वाढलं, उशाशी पाणी ठेवलं. वामनराव रोज दिवसभर मैदानावर पांढऱ्या टोपीत उभे. सहा वर्षांनी इतके सुखी झाले होते की रात्री कूस बदलताना मधे उशी आहे, हे त्यांच्या ध्यानातही येत नसे.

फायनल अप्रतिम झाली. तिथून वामनराव थेट दवाखान्यात गेले, उतारा घेतला आणि तो लागू होईपर्यंत धीरानं तास काढला. त्यांना खरोखरच भरून आलं होतं. कुमुदताई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या.

“आता धरा हात, काही होणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

वामनरावांनी हात पुढे केला. कुमुदताईंनी मोजे काढले नाहीत.

“धरते,” त्या म्हणाल्या. “पण ठरवायले आठ दिवस काऊन लागले, ते सांगा अगोदर.”