बोरन्हाणाचं बोलावणं

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. मला कुणाला पटवत बसायचं नाही. हे आमच्या सुमतीआत्याच्या बाबतीत घडलंय, आणि ती काही भुताखेतांच्या गप्पा मारणारी बाई नव्हती.

त्रेपन्न सालची भोगी. डोंबिवलीच्या मोठागावची खाडी. ऐन थंडीतली सकाळ, आणि धुकं असं की होडीचं दुसरं टोक दिसेना.

आमचं घर, म्हणजे आत्याचं माहेर, पलीकडच्या काठाला. दुसऱ्या दिवशी तिच्या आनंदचं पहिलं बोरन्हाण होतं. आत्याच्या यजमानांना रजा मिळाली नाही, म्हणून ही पोराला कडेवर घेऊन एकटीच निघाली. पुढे धाकू नावाडी बांबू रेटत होता.

मध्यावर आल्यावर मागून बांगड्या वाजल्या...

आत्याने वळून पाहिलं. मागच्या फळीवर हिरव्या लुगड्यातली एक बाई बसली होती. धुक्यात चढताना दिसली नसेल, असं आत्याला वाटलं.

बाई एकटक आनंदकडे बघत होती.

आत्या गप्प बसेल तर शपथ! संक्रांत, बोरन्हाण, काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळं सांगून झालं. वर रीतीप्रमाणे म्हणाली, "उद्या तुम्हीपण या हं, बाळाला आशीर्वाद द्यायला."

बाई हसली.

धाकूचा बांबू थांबला.

"कोनाला बोलावलंस गो बाय?"

"या मागच्या बाईंना."

धाकूने मागे पाहिलंच नाही. "मागं कोनी नाय. इथं मायलेकरू बुडालेलं. आई गावली. लेकरू नाय गावलं."

आत्या वळली. फळी रिकामी होती... आणि ओली.

दुसऱ्या दिवशी घर बायकापोरांनी भरलं. आनंदच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतला. पोरांनी झडप घातली, तोंडात टाकलं आणि थुंकलं.

सगळं खारट. खाडीच्या पाण्यासारखं.

आनंद मात्र उंबऱ्याकडे बघून दोन्ही हात वर करत होता. उचलून घे म्हणून पोरं करतात तसे.

उंबऱ्यात कुणीच नव्हतं.

पाहुण्या गेल्यावर तिथे चांदीचा एक वाळा सापडला. तान्ह्या बाळाचा. चिखलाने काळा झालेला. आजीचा चेहरा उतरला. आपण बोलावलं की तीही आपल्याला बोलावणार, रीतच आहे ती, एवढंच ती म्हणाली.

धाकूने तो वाळा भर खाडीत सोडला. आत्या कल्याणवरून लांबचा वळसा घेऊन घरी परतली. पुन्हा होडीत पाय ठेवला नाही. धास्तीने पोराला वाळेही केले नाहीत.

पुढची संक्रांत. आनंद चालायला लागला होता. आत्या स्वयंपाकघरात तीळ भाजत होती.

बाहेरून आवाज आला. छुम... छुम...

एकाच पायाचा.

ती धावली. कडी लावलेलं दार सताड उघडं होतं. आनंद हात वर करून बाहेर निघाला होता. पायात तोच वाळा. चिखल निथळत होता.

तिने त्याला उंबऱ्यावरून मागे ओढलं.

आता आत्या नाही. आनंददादाचे केस पिकलेत. तरी संक्रांतीला आमच्यापैकी कुणीतरी त्याच्याकडे जाऊन बसतंच. दरवर्षी तो आम्हाला हसतो.

यंदा मी गेले, तर हसला नाही. खिडकीतून खाडीकडे बघत हळूच म्हणाला, "अगं, एकदा जाऊन येऊ का? किती वर्षं बोलावतेय ती."