डिंकीनं निवडलेलं मशीन

ज्या वर्षी डिंकीच्या दादाचं लग्न झालं आणि तिला चिडवायला घरात हक्काचं माणूस आलं, त्याच वर्षी लिफ्टवाला पहिल्यांदा तिच्या दुकानाची पायरी चढला.

डिंकी म्हणजे बाइंडिंगवाल्यांची धाकटी. लहानपणापासून वडिलांच्या दुकानात डिंकात हात घालून बसायची, म्हणून गल्लीनं तिला हे नाव दिलं आणि ते चिकटून राहिलं. वडिलांची नजर मंदावल्यापासून दुकान तीच बघायची. लिफ्टवाला समोरच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला होता. बोटांना वंगण, कपाळावर घाम, काखेत जाडजूड कादंबरी.

"ही फोडून मिळेल का?" त्यानं विचारलं.

"फोडून?" डिंकीनं मान वर केली. "लोक इथं फाटलेली पुस्तकं शिवायला आणतात."

"माझ्या मामांसाठी हो. त्यांचा उजवा हात गेलाय... म्हणजे आहे, पण चालत नाही. एका हातात एवढं वजन पेलवत नाही. याचे तीन पातळ भाग करून दिलेत तर..."

मामांनी उभं आयुष्य नाटक कंपनीत प्रॉम्प्टर म्हणून काढलं होतं. विंगेत अंधारात बसायचं आणि नट वाक्य विसरला, की प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते त्याला सांगायचं. लग्न केलं नाही. आईबापांवेगळ्या भाच्याला वाढवलं. आता अंथरुणाला खिळले होते आणि पुस्तकांवर जगत होते.

डिंकीनं कादंबरी ठेवून घेतली. कुठं कापायची हे बघायला चाळू लागली आणि वाचतच बसली. मग तिनं पहिला भाग नेमका अशा पानावर तोडला, जिथं नायिका एकटी घरात असते आणि दारावर थाप पडते.

पहिला भाग घेऊन गेलेला लिफ्टवाला तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

"मामांनी विचारलंय, दारात कोण आहे?"

"दुसऱ्या भागात आहे."

"मग द्या ना तो."

"खळ ओली आहे अजून. परवा या."

खळ आदल्या दिवशीच वाळून खडखडीत झाली होती.

असं सुरू झालं. एक कादंबरी संपली की दुसरी. डिंकी आता फार विचार करून कात्री लावायची. प्रेमपत्र उघडलं की काप, गाडी सुटली की काप. लिफ्टवाला यायचा, काउंटरवर कोपर टेकून निरोप सांगायचा. "मामा म्हणतात, ही पोरगी नाटक कंपनीत असती तर प्रत्येक अंकाचा पडदा योग्य जागी पडला असता." आणि ती पुठ्ठा दाबता दाबता हसू दाबायची.

वहिनी आतून सगळं बघत असायची. "वन्सं, हे गिऱ्हाईक पुस्तक न्यायला येतं की तोंड दाखवायला?"

"मामांसाठी येतो तो."

"हो ना. आणि तुम्ही सकाळपासून दोनदा केस विंचरलेत, तेही मामांसाठीच."

पण एक दिवस तो आला तो रिकाम्या हातानं. खुशीत होता.

"मामांसाठी ई-रीडर घ्यायचं म्हणतोय. ते वाचायचं मशीन असतं ना, ते. शेकडो पुस्तकं मावतात, आणि वजन तुमच्या एका भागाएवढंसुद्धा नाही. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात एक चष्मेवाली आहे, तिनं परवा तासभर बसून समजावलं. फार छान समजावते ती."

"छान समजावते," डिंकी म्हणाली.

"हो. आणि कंटाळत नाही. काही विचारा, हसूनच सांगते."

"हसून सांगते."

"उद्या तुम्ही याल का बरोबर? म्हणजे... पुस्तक हातात कसं बसतं, ते तुमच्या इतकं कुणाला कळणार? तुम्ही म्हणाल ते घेतो."

हातातला ब्रश तिनं खळीत इतक्या जोरात बुडवला की त्याच्या सदऱ्यावर शिंतोडे उडाले. मशीन आलं की फोडायला पुस्तकं नाहीत. पुस्तकं नाहीत म्हणजे निरोप नाहीत. निरोप नाहीत म्हणजे... आणि वर ही चष्मेवाली. "येईन की," डिंकी म्हणाली. न जाऊन करते काय? घरी बसून जीव नुसता टांगणीला लागला असता.

दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. दोघं एका छत्रीत गेली. त्याचा खांदा भिजत होता, तिचा कोरडा होता. एवढ्यावर एरवी ती आठवडाभर खूश राहिली असती, पण दुकानाच्या काचेआडून चष्मेवालीनं त्याला बघून हात हलवला आणि डिंकीचा तिळपापड झाला. दिसायला चांगली होती, हे आणखी वाईट.

चष्मेवालीनं तीन मशीनं काचेवर मांडली.

"हे सगळ्यांत स्वस्त. याला स्वतःचा उजेड नाही, दिवा लावूनच वाचायचं. हे दुसरं त्याच्या दीडपट किमतीचं. आतून उजेड आहे, अगदी पातळ, पाणी सांडलं तरी बिघडत नाही. पान उलटायला पडद्यावर बोट टेकायचं. आणि हे तिसरं..." तिनं ते हळुवार उचललं. "महाग आहे. दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. पण पडदा मोठा, अक्षर हवं तेवढं वाढतं, उजेड पिवळसर करता येतो, म्हणजे डोळ्यांना त्रास नाही. आणि एका बाजूला ही जाड कड. इथं धरायचं, अंगठ्याखाली पान उलटायची बटणं. डाव्या हातात घेतलं की मजकूर आपोआप फिरतो. तुमच्या मामांना हेच."

"आणि फोनवरच वाचलं तर?" लिफ्टवाल्यानं विचारलं. "फुकटात होईल."

"फोनचा पडदा डोळ्यांत घुसतो. हा बघा, कागदासारखा दिसतो."

"कागदासारखा म्हणजे कागद नाही," डिंकी म्हणाली.

"नाही," चष्मेवाली गोड हसली. "कसर लागत नाही याला."

मग तिनं लिफ्टवाल्याचा डावा अंगठा धरला आणि बटणावर नेऊन ठेवला. "असं. हलकेच दाबा."

डिंकीला वाटलं, कुणी आपल्या छातीत दाभण घालून दोरा ओढतंय. अंगठा सुटला... मग पुन्हा धरला. दुसऱ्यांदा धरायची काही गरज होती?

"तुम्ही सांगा," लिफ्टवाला तिच्याकडे वळला.

डिंकीनं तिन्ही मशीनं एकेक करून हातात घेतली. तिच्या हाताला लगेच कळलं. तिसऱ्याची कड मुठीत अशी बसली, की जणू जाड पुठ्ठ्याचं पुस्तक कण्याशी धरलंय. दुसरं गुळगुळीत. एकाच हातात धरून त्याच हाताच्या बोटानं पान उलटायला गेलं, की निसटणार. धडधाकट माणसाचं निसटेल, मग मामांचं काय.

"तिसरं जड आहे," ती म्हणाली. "दुसरं घ्या."

चष्मेवाली तिच्याकडे बघत राहिली. "एका हातानं वापरायचं असेल तर खरं तर..."

"रोज पुस्तकंच हाताळते मी," डिंकी म्हणाली.

"यांच्या हाताला कळतं," लिफ्टवाला कौतुकानं म्हणाला आणि त्यानं दुसरं मशीन घेतलं. चष्मेवालीनं पावती त्याच्या हातात देताना एवढंच सांगितलं, "नीट जपून ठेवा. महिन्याभरात बदलून मिळतं."

डिंकीचा हिशेब साधा होता. आठ दिवसांत मामा वैतागतील, मशीन कपाटात जाईल, कात्री पुन्हा चालू होईल. पण आठ दिवस गेले आणि कुणी आलं नाही. पंधरा दिवस गेले. ती दारावरच्या प्रत्येक सावलीला मान वर करायची आणि वहिनी काही बोलायची नाही, हे चिडवण्यापेक्षा वाईट होतं.

मग समोरच्या इमारतीची लिफ्ट पुन्हा अडकली, तेव्हा तो आला. काउंटरवर कोपर टेकला, पण घाईत.

"कसं आहे मशीन?" डिंकीनं विचारलं.

"झकास. चष्मेवाली दोनदा घरी येऊन गेली. पुस्तकं कशी उतरवून घ्यायची ते मामांना शिकवलं तिनं. मामांशी तर अशी गट्टी जमलीय तिची..."

तो गेल्यावर डिंकीनं एका गिऱ्हाइकाच्या पुस्तकाचं पान उलटं शिवलं. ते बघून वहिनीनं तिच्या हातातली सुई काढून घेतली.

"वन्सं, त्या घरी एकदा जाऊन या."

"कशाला? मला कुणी बोलावलंय?"

"त्यांच्या शेवटच्या कादंबरीचा तिसरा भाग अजून आपल्याच फळीवर आहे ना? तो द्यायला जा. नाहीतर अशीच जळत बसलात तर दुकानातल्या कागदाला आग लागेल."

डिंकी गेली. लिफ्टवाल्यानं दार उघडलं. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. पण आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि ती थबकली. मामांच्या नाकावर पट्टी होती. वरचा ओठ सुजला होता. उशीशी ते पातळ मशीन, आणि त्याच्याभोवती लिफ्टच्या कसल्याशा रबराचा वेढा.

"ये गं कात्रीवाले," मामा म्हणाले. आवाज बारीक, पण शब्द न् शब्द स्वच्छ. "नाकाकडे बघू नकोस. नायक मरता मरता मशीनच तोंडावर पडलं. तो वाचला, मी जखमी झालो."

"किती वेळा पडलं?"

"मोजत नाही. आता या पठ्ठ्यानं रबर लावलंय, त्यामुळे पडलं तरी उसळून परत येतं."

"बदलून का आणलं नाही?" तिनं लिफ्टवाल्याला विचारलं. "चष्मेवालीनं सांगितलं नाही?"

"दोन्ही वेळा तेच सांगून गेली," तो म्हणाला. "पण मामा ऐकतच नाहीत. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असंही बजावलं होतं."

"का ऐकू?" मामा म्हणाले. "तुझ्या हातानं निवडलंय ना ते. मग खोट माझ्याच हातात असणार. सवय होईल हळूहळू."

डिंकी मागच्या मागं फिरली आणि बाहेरच्या खोलीत येऊन उभी राहिली. तिसरा भाग तिच्या हातातच होता. लिफ्टवाला मागोमाग आला.

"काय झालं?"

"ते मी मुद्दाम निवडलं," डिंकी म्हणाली. "चुकीचं आहे हे मला तिथंच कळलं होतं. तिसरंच त्यांच्या हातासाठी होतं. मला कळलं होतं, आणि तरी मी..."

त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. त्यानं एकदा आतल्या खोलीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"त्यांच्या नाकातून रक्त आलं होतं," तो हळू म्हणाला. "का केलंत असं?"

डिंकीनं तोंड उघडलं. वाटेत सगळं जुळवलं होतं तिनं. आता एक शब्द आठवेना. "कारण..." ती म्हणाली. "कारण... "

आतून, भिंतीपलीकडून, बेताचा आवाज आला, "कारण तुम्ही यायचं थांबला असतात."

डिंकी दचकली. पण वाक्य बरोबर होतं. "कारण तुम्ही यायचं थांबला असतात," ती म्हणाली.

"आणि तिनं तुमचा अंगठा धरलेला मला बघवला नाही," भिंत म्हणाली.

"हे यांना कसं माहीत?" डिंकीनं विचारलं.

"चष्मेवालीनं सांगितलं," मामा आतून म्हणाले. "तिला काय डोळे नाहीत? मशीन बाजूला ठेवून तू तिचा हातच बघत होतीस म्हणे. चालू ठेवा. मी नाहीच आहे इथं."

लिफ्टवाला खाली बघत होता. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

"खळ वाळायला किती वेळ लागतो?" त्यानं विचारलं.

"एक रात्र," डिंकी म्हणाली.

"मला वाटलंच. दर वेळी परवा या, परवा या... मी तरी कुठं एकदा म्हणालो, की बोट लावून बघू." तो थांबला. "मशीन आणल्यावर यायला निमित्तच उरलं नाही. आणि निमित्ताशिवाय यायचं तर मला... म्हणजे मी..."

त्याचाही धागा तुटला. मान खाजवायला गेलेला हात मानेवरच राहिला. आतून मामांचा आवाज आला, "मला तुम्ही..."

"मामा, गप्प पडा," तो म्हणाला. "एवढं मला पाठ आहे."

आणि त्यानं ते सांगितलं, इतक्या हळू, की भिंतीपलीकडे काही गेलं नाही. आतून दोनदा खाकरणं ऐकू आलं, मग एक निःश्वास. डिंकीच्या हातातला तिसरा भाग कधी खाली पडला, ते दोघांनाही कळलं नाही.

महिना संपायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी ती दोघं दुकानात गेली, वरचे पैसे डिंकीनं भरले, कुणाचं ऐकलं नाही. चष्मेवालीनं पावती बघितली, रबर बघितलं आणि चष्मा वर सरकवला.

"अंगठा तुम्ही धरून दाखवता की मी दाखवू?"

"मी दाखवते," डिंकी म्हणाली. ती हसली खरी, पण अंगठा आधी धरला आणि मग हसली.

पुढच्या उन्हाळ्यात दोघांचं लग्न झालं. चष्मेवाली आली होती आणि छान दिसत होती. डिंकीनं तिला नवऱ्यापासून चार खुर्च्या लांब बसवलं.

मामांनी ते तिसरं मशीन डाव्या हातात धरून अडीच वर्षं वाचलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या अखेरीला, एका सकाळी चहाच्या आधी मामा वारले.