शाळेजवळचा रिकामा डबा

शाळा साडेबाराला सुटते आणि घरापासून स्कूटरवर आठ मिनिटं लागतात. भिंगरीची आई सव्वाबारालाच निघायची. त्या दिवशी मात्र धाकट्याच्या अंगात ताप होता. चार महिन्यांचं बाळ, खांद्यावरून खाली ठेवलं की रडायचं. सासूबाई म्हणाल्या, "दे इकडे. ती पोर ताटकळली असेल." तेव्हा घड्याळात साडेबारा होऊन गेले होते.

भिंगरी म्हणजे थोरली. पहिलीत होती. कागदावर नाव दुसरंच, पण एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून सगळे भिंगरीच म्हणत.

आता डब्याचं सांगते, कारण सगळं त्या डब्यापाशीच घडलं. भिंगरीचे बाबा रस्त्यावरच्या स्पीड कॅमेऱ्यांची देखभाल करायचे. गावात सहा खांब, खांबांवर सहा करडे डबे, आणि आत बसवायला मशीन एकच. दर सोमवारी शिडी लावून ते मशीन या डब्यातून काढून त्या डब्यात घालायचे. कुठले डबे रिकामे, हे कुणाला सांगायचं नाही असा नियम. पण बायको काळजीने झुरते म्हणून तिला तेवढं सांगत. शाळेजवळचा डबा रिकामा असला की ती त्या आठवड्यात आणखी दहा मिनिटं आधी फाटकाशी जाऊन उभी राहायची.

"काही फरक पडत नाही गं," ते हसायचे. "लोक डब्याला घाबरतात, मशीनला नाही."

"डबा दिसतो तोवर घाबरतात," सासूबाई आतून म्हणायच्या. "मागे पडला की पुन्हा सुसाट. आपली पाटीवाली होती तेच बरं होतं. ती नुसती बघायची आणि ट्रक थांबायचा."

पाटीवाली मावशी शाळेसमोर 'थांबा' लिहिलेली पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. तोंडात कायम एक लवंग. कुणाच्या बुटाची नाडी सुटलेली दिसली की तिथेच उकिडवी बसून बांधायची, गाठीवर गाठ, अशी की सोडवताना घरी आयांची नखं मोडायची. मागच्या वर्षी त्याच वळणावर एका भरधाव गाडीने तिला उडवलं. हातातलं पोर तिने फुटपाथवर ढकललं होतं. ते वाचलं, ती गेली. त्यानंतर तिथे खांब आला.

तर त्या दुपारी रस्ता निर्मनुष्य होता. दुकानांची दारं लोटलेली. तापलेल्या डांबराचा वास नाकात बसत होता. वळण जवळ आलं, खांब दिसला, आणि भिंगरीच्या आईच्या मनात आलं... या आठवड्यात रिकामाच आहे. कोण बघतंय?

तिने ऍक्सिलरेटर पिळला. काटा पन्नासच्या पुढे गेला.

वळणावर, रस्त्याच्या मधोमध, भिंगरी होती.

वाट बघून कंटाळली असणार. खाली वाकून सुटलेली नाडी खोचत होती. तिने मान वर केली आणि आईला ओळखून हसली.

त्याच वेळी डब्यातून पांढरा प्रकाश पडला. भर दुपारी उन्हाला फिकं पाडील असा. गाडीचा आवाज बंद झाला. वारा बंद झाला. डांबराचा वास गेला आणि कुठून तरी... लवंगेचा वास आला.

डोळे उघडले तेव्हा स्कूटर जागच्या जागी उभी होती, इंजिन बंद. भिंगरी पलीकडे फुटपाथवर होती. एका पायात बूट, एक पाय अनवाणी.

"तू... तू इथे कशी आलीस?"

"मावशीने आणलं."

"कोण मावशी?"

"पाटीवाली. हळूहळू आणलं, खूप वेळ लागला. तू गाडीवर तशीच होतीस आई, हलतच नव्हतीस. तुझी ओढणीपण हवेत तशीच." मग आवाज बारीक करून म्हणाली, "मावशी म्हणाली, तिकडे बघू नको. आई घाबरलीय."

आईने तिला उराशी धरलं आणि तिथेच बसली. दुसऱ्या पायातला बूट रस्त्यावर शोधला, गटारात शोधला. मिळाला नाही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, आपण किती जोरात होतो तेही. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "अगं, मशीन नदीपलीकडच्या डब्यात आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मशीनमधले दोन फोटो आणून टेबलावर ठेवले. कॅमेरा प्रत्येक गाडीचे दोन काढतो, अर्ध्या सेकंदाच्या अंतराने. फोटोत नदी नव्हती. शाळेचं वळण होतं. पहिल्यात स्कूटर, आणि तिच्या चाकापुढे हातभर अंतरावर भिंगरी. कोपऱ्यात वेग, चोपन्न. दुसऱ्यात स्कूटर सूतभरही पुढे सरकलेली नाही. भिंगरी फुटपाथवर, एक हात वर, मूठ मिटलेली, कुणाचं तरी बोट धरावं तशी. शेजारी कुणी नाही. कोपऱ्यात वेग, तीन.

"अहो, तीन म्हणजे?"

"म्हातारं माणूस चालतं तेवढा."

सोमवारी त्यांनी शाळेजवळचा डबा उघडला. त्या कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच असते. घरी आले ते रुमालात काहीतरी गुंडाळून. भिंगरीचा बूट होता, स्वच्छ पुसलेला. नाडीला गाठीवर गाठ.

आणि त्याच्याशेजारी आणखी एक. कोरा, त्याहून लहान. त्यालाही तशीच गाठ.

"हा कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं. पाळण्यात बाळ पाय झाडत होतं.

तेव्हापासून भिंगरीची आई पंचवीसच्या वर जात नाही, डबा भरलेला असो की रिकामा. तो लहान बूट तिने कपाटात ठेवलाय. गाठ सोडायचा धीर होत नाही. महिन्यातून एकदा, धाकटा झोपला की ती दार लावते आणि तो त्याच्या तळव्याला लावून बघते. आधी चांगला चार बोटं मोठा होता.

काल बघितलं, तेव्हा एकच बोट उरलं होतं.