तळवड्याच्या वळणावरची गाडी

"बाबा गेले, ते मी मान्य केलंय," अंजली म्हणाली. "पण ते पिऊन गाडी चालवत होते, हे नाही. आई लोकांना तोंड दाखवत नाही."

चिंचवडच्या कचेरीत खासगी गुप्तहेर विजयश्री शांतपणे ऐकत होती. मदतनीस गोरक्ष चहा ओतत होता.

तळवड्याच्या वळणावर गाडीने कंपनीतून परतणाऱ्या एका कामगाराला उडवलं आणि ती खांबावर आदळली. कामगाराचा पाय कापावा लागला. अंजलीचे वडील चिमाजी जागीच गेले. गाडीचा मालक, शेजारचा गणराज, वाचला. धावून आलेल्या लोकांनी दोघांना बाहेर ओढलं. कोण कुठे बसलं होतं, हे त्या गडबडीत कुणी पाहिलं नाही. गणराज म्हणाला, चिमाजीकाका चालवत होते, प्यायलेले होते.

"रक्ताचा अहवाल येईलच की," गोरक्ष म्हणाला.

"तो दारूचं सांगेल. स्टिअरिंगवर कोण होतं, ते नाही. अंजली, बाबा तिकडे कशाला गेले होते?"

"गणराज बैलगाडा शर्यतीला गेला होता. पिऊन गाडी आणेल, म्हणून त्याच्या आईने, इंदुताईंनी, बाबांना गळ घातली. बाबांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा दहावा व्हायचा होता, तरी बाबा गेले."

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात होती. दोन्ही एअरबॅग उघडून लोंबत होत्या. उजवीवर पिवळा डाग होता. डावी कोरी.

"ड्रायव्हरनं मिसळ चापली असणार राव," गोरक्ष म्हणाला.

गणराज घरी खाटेवर पडून होता. इंदुताई उशाशी बसल्या होत्या. अंजली दारातच थांबली.

"शर्यतीत भंडारा उधळला होता?" विजयश्रीने विचारलं.

"मग काय! आमच्या बैलांची बारी पहिली आली. माझं तोंड नुसतं हळदीनं माखलं होतं."

"आणि चिमाजींचं?"

"शर्यतीच्या घाटात आल्यावर कोण सुटतंय ताई? मीच लावला त्यांच्या कपाळाला."

"लावून घेतला त्यांनी?"

"आनंदानं!"

"भावाचं सुतक असताना?"

गणराजने इंदुताईंकडे पाहिलं.

"दहावा व्हायच्या आत तो माणूस भंडाऱ्याला शिवणार नाही. बरं, लावला असं धरू. मग तुम्हा दोघांची तोंडं पिवळी, दोन्ही एअरबॅगवर डाग हवेत. डाग एकच आहे, ड्रायव्हरच्या बाजूला. डावीकडे बसलेल्याचं कपाळ कोरं होतं. तू तर माखला होतास."

"म्हणजे मिसळ नव्हती," गोरक्ष पुटपुटला.

गणराजने भिंतीकडे तोंड फिरवलं. इंदुताईंनी त्याचा खांदा गदागदा हलवला.

"बोल की रं! म्याच धाडलं व्हतं त्यान्ला. त्या कामगाराचा पाय गेलाय. आजून किती लोकांचं वाटोळं करशील?"

"काका चावी मागत होते," तो कसाबसा म्हणाला. "सारखी मागत होते. मी दिली न्हाई. मग म्हणाले, एकटा जाऊ नको, मी बसतो बाजूला. प्यायलो होतो तो मी."

विजयश्रीने पोलीस ठाण्याला फोन लावला.

अंजली अंगणात आली. तिनेही फोन काढला.

"आई, गाडी बाबा चालवत नव्हते."

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणं ऐकू येत राहिलं.

"भात टाकते," शेवटी आई म्हणाली. "ये तू. दोघी जेवू."