तिसऱ्या हाकेची वाट

निनादने आजवर घेतलेल्या वस्तूंपैकी त्या हेडफोनइतकं सुख एकीनेही दिलं नव्हतं. कान पूर्ण झाकणारा, बिनवायरचा. आठ-आठ तास डोक्यावर राहिला तरी चष्म्याच्या काड्या रुतत नसत, कान तापत नसत. लॅपटॉप आणि मोबाइल, दोन्हींना एकदम जोडलेला राही. डोक्यावर आहे हेच विसरून तो तसाच कोपऱ्यावर दूध आणायला जाई. पण खरी सोय निराळीच होती. तो कानावर असला की माणसाला कुणाचंही ऐकू न येण्याची मुभा मिळते. ही मुभा निनादने पुरेपूर वापरली, आणि त्याची लाज त्याला आज वाटते.

नाशिकहून म्हैसूरला आल्यापासून तो लष्कर मोहल्ल्यात, इंदिराबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होता. त्यांच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगवायचा धंदा. मागच्या अंगणातल्या दगडी हौदाच्या कडा अजून निळ्या होत्या. खाली त्या एकट्याच असत. मुलगी वाणी टी. नरसीपूरला शाळेत शिकवायची. रोज सकाळी अकराला इंदिराबाई अंगणात उभ्या राहून हाक मारायच्या, "निनादप्पा, बुट्टी सोड." तो खिडकीतून दोरीने टोपली सोडायचा आणि डबाभर आमटीसारखी हुळी, कधी तांदळाच्या दोन अक्की रोट्या वर यायच्या. बदल्यात त्यांच्या गुडघ्यांचं पुराण अर्धा तास ऐकावं लागे.

त्या घराची एक रीत होती. पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही.

"दोन कुणाच्या पण असतील रे," इंदिराबाई म्हणायच्या. "तिसरी माणसाची."

म्हणून त्या मोजून तीनदा हाक मारत आणि निनाद तिसरीला ओ देई. पुढे हेडफोन आला आणि तिसरी हाकही कधीकधी वाया जाऊ लागली. इंदिराबाईंना मात्र त्या यंत्राचं कौतुकच होतं. कडेला हिरवा दिवा कशाला, असं त्यांनी एकदा विचारलं. तो असेपर्यंत मला बाहेरचं ऐकू येत नाही, चार्ज संपला की दिवा जातो आणि सगळं ऐकू येतं, असं निनादने समजावलं.

"अय्यो, मग नुसती टोपीच की," म्हणून त्या किती तरी वेळ हसत होत्या.

मार्चमधल्या एका मंगळवारी अकराच्या सुमारास चार्ज संपला. निनादने हेडफोन काढला नाही. खिडकीशी बसला होता तसाच बसून राहिला.

"निनादप्पा," खालून हाक आली. बुट्टीचं नाव नव्हतं, आवाजही बारीक होता. जरा वेळाने दुसरी आली, आणखी बारीक. मान वळवली असती तरी अंगण दिसलं असतं. त्याने वळवली नाही. रीतीप्रमाणे तिसरीची वाट पाहिली. ती आली नाही तेव्हा त्याच्या मनात आलं, चला, आजचा दिवस सुटलो.

दोन वाजता वाणीचा फोन आला. आई फोन उचलत नाही, जरा बघतोस का म्हणाली. इंदिराबाई हौदापाशी उताण्या पडल्या होत्या. डोळे उघडे होते, वर खिडकीकडे. तासाभरात कुणी आलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

"कानावर हेडफोन होता, अक्का," तो वाणीला म्हणाला. "ऐकूच आलं नाही."

तुझा काय दोष, म्हणून वाणीने उलट त्याच्याच पाठीवरून हात फिरवला. तेराव्याला समोर बसून आग्रहाने वाढलं. मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. निनादने गोडाचं दुसऱ्यांदा मागून घेतलं.

त्यानंतर आठवडाभराने पट्टीचं सुरू झालं. डोक्यावरची पट्टी तो सहाव्या खुणेपर्यंत ओढून ठेवत असे. त्याचं डोकं मोठं, त्याहून कमी त्याला चालतच नसे. एका सकाळी ती तिसऱ्या खुणेवर होती. पिशवीत दाबली गेली असेल, असं म्हणून त्याने ती सरकवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिसरी. त्याने हेडफोन कपाटात ठेवून कुलूप लावलं. तरी तिसरीच, आणि कानाच्या गाद्यांना खोबरेल तेलाचा वास. निनाद डोक्याला तेल लावत नसे. इंदिराबाईंच्या लहानशा डोक्याला मात्र रोज तेल असे.

सोमवारी ऑनलाइन मीटिंग चालू असताना पुण्याच्या ऑफिसातली स्पृहा मध्येच थांबली.

"निनाद, तुला कुणी तरी हाक मारतंय. बघून ये ना."

त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. कोण, असं त्याने विचारलं.

"आजी आहेत कुणी तरी. निनादप्पा म्हणाल्या. दोनदा."

घड्याळात अकरा वाजून गेले होते. त्या हेडफोनच्या माइकमध्ये बोलणाऱ्याच्या तोंडच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज शिरत नाही, याच गुणावर भाळून त्याने तो घेतला होता. त्याने तो काढला. अंगणात कावळासुद्धा नव्हता.

मंगळवारी तेच झालं. बुधवारीही. दोनच हाका, आणि त्या फक्त पलीकडच्यांना. "अरे, आजींना ओ दे की," म्हणून सगळे हसले.

गुरुवारी वाणीला सगळं खरं सांगून टाकायचं त्याने ठरवलं. सांगितलं की हे थांबेल, असं त्याला वाटत होतं. त्याआधी तिचाच फोन आला. अकरा वाजले होते, हेडफोन डोक्यावरच होता.

खालच्या खोल्या कधी आवरायच्या, ते ती विचारत होती. मग तिचा आवाज उतरला.

"एक विचारू? रोज वाटतं, आईने हाक मारली असेल. तुला खरंच ऐकू आलं नव्हतं ना?"

इतकं सोपं करून दिलं होतं तिने. निनादने तोंड उघडलं.

"नाही, अक्का. हेडफोन चालू होता."

 

"तुझ्या खोलीत कोण आहे?" वाणीने विचारलं.

"कुणी नाही."

"आई बोलते आहे." ती ऐकत होती. "दिवा नव्हता म्हणते. नुसती टोपीच होती म्हणते. निनाद, कसला दिवा?"

 

त्याचा हात डोक्याकडे गेला. बोटांनी त्याने खुणा मोजल्या. पट्टी तिसरीवर होती, आणि तरी त्याच्या डोक्याला कुठेच रुतत नव्हती.