वेशीचं पाणी

त्र्याहत्तरच्या एप्रिलात नगर जिल्ह्यात पाण्यापेक्षा नाके जास्त होते. ज्वारी बाहेर जाऊ नये म्हणून पोलिसांचे, आणि शहराबाहेरच्या माळावर लष्कराचा, कारण तिथे रणगाड्यांचा गोळीबार चाले. नाका कोणाचाही असो, आडव्या बांबूमागचा माणूस सारखाच. हातात बांबूची दोरी आली की त्याची बुद्धी रजेवर जाते.

मी जंतुशास्त्रज्ञ. माळापलीकडच्या दुष्काळी कामावर कॉलरा निघाला होता. आदल्या दिवशी मी तिथल्या विहिरीचं पाणी तपासायला गेले, तेव्हा खडी फोडणारी रंगुबाई शेवटच्या सलाईनवर होती. हाताची शीर सापडेना म्हणून नर्स छबूबाईने घोट्याशी सुई लावली. रंगुबाईचा तो डावा पाय मी धरून ठेवला होता. त्याला करंगळी नव्हती. धोंड्याखाली गेली होती.

"उद्या दुपारच्या आत बाटल्या आना बाई," छबूबाई म्हणाली. "न्हाईतर ही ऱ्हात न्हाई."

म्हणून दुसऱ्या दिवशी सलाईनची खोकी घेऊन मी जीपमध्ये बसले होते. ड्रायव्हर गहिनीनाथ. माळावरची गावं सरकारने उठवली, त्यातलंच एक त्याचं. बंपरला पाण्याची छागळ टांगलेली. तिला तो स्वतःही तोंड लावत नसे.

पहिल्या नाक्यावर पोलिसाने ज्वारी शोधायला खोक्यात काठी खुपसली. बाटली दिसल्यावर "दारू का?" म्हणाला. मी लेबल वाचून दाखवलं. मग त्याने बाटली उलटी धरून तेच लेबल स्वतः वाचलं आणि समाधान पावला.

लष्कराच्या चौकीवर लाल बावटा वर होता. हवालदाराने माझा पास पाहिला, "फायरिंग" एवढं एकच म्हणाला आणि चहा प्यायला बसला. तिकडे एक बाई मरत होती. मी ते दोनदा सांगितलं. त्याने चहात बिस्कीट बुडवलं.

बावटा उतरला तेव्हा सूर्य डोक्यावरून ढळला होता. माळाच्या चढावर इंजिन उकळलं.

"छागळ ओत," मी म्हणाले.

"ते वेशीचं पानी हाय, बाई."

"म्हणजे?"

"पुढं आमच्या गावची वेस लागती. तितं पानी वतल्याबिगर आमी पुढं जात न्हाई. भाकर न्हाई तर न्हाई, पन पानी पाहिजे."

"वेशीला तहान लागते का रे?"

तो हसला नाही. मी उतरून छागळ स्वतः रेडिएटरमध्ये ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत.

वेस म्हणजे दोन पडके बुरूज. आत घरं नव्हती, जोती होती. बुरुजाच्या पायाशी जनावरांची दगडी डोण, कोरडी, तळाला तडे गेलेली. आणि रस्त्यावर, बुरुजापासून बुरुजापर्यंत, केकताडाची दोरी आडवी बांधलेली. दोरीजवळ एक म्हातारी उकिडवी बसली होती.

आणखी एक नाका. मला हसू आलं.

गहिनीनाथने चपला काढून पाय वर घेतले आणि मान खाली घातली.

"कोनाची गं तू?" म्हातारीने विचारलं.

"सरकारची. दोरी सोडा."

"पानी आनलंस?"

"नाही."

तिने मागच्या खोक्यांकडे पाहिलं. "त्यात काय हाय?"

"औषध."

"पान्याचंच न्हवं?"

शंभर भागांत नव्याण्णव भाग पाणीच. ते तिला सांगण्यात अर्थ नव्हता. "दोरी सोडा, म्हातारे. तिकडं माणूस मरतंय."

"सोडती की." ती सावकाश उठली. गाठ सोडताना म्हणाली, "जा तू. आमी घिऊ मागनं."

जीप पुढे गेली. रस्ता तोच, खड्डे तेच. वेशीपर्यंत बाटल्या जड, बद्द आवाजाने एकमेकींवर आपटत होत्या. आता त्या किणकिणत होत्या. खोक्यातला पेंढा सरकला असणार, असं मी ठरवलं. गहिनीनाथने एकदाही मागे पाहिलं नाही.

छबूबाई धावतच आली. पहिली बाटली तिने उचलली आणि तशीच उभी राहिली.

"रिकामी हाय, बाई."

दुसरीही. सगळ्याच. मी एकेक उजेडात धरून पाहिली. रबरी बुचावर सुईचं भोक नव्हतं. ॲल्युमिनियमचं कडं शाबूत. काचेला चीर नाही. प्रत्येक बाटलीच्या तळाला पांढरं, कोरडं मीठ होतं, जेवढं असायला हवं बरोबर तेवढंच.

पाणी तेवढं घेतलं होतं.

रंगुबाई पाणी, पाणी म्हणत ऊन उतरायच्या आधी गेली. तिच्यावर गोधडी ओढून आम्ही दुसऱ्या बाटल्या आणायला त्याच रस्त्याने माघारी निघालो.

वेशीत दोरी नव्हती. म्हातारी नव्हती.

डोण काठोकाठ भरलेली होती.

सगळ्या मुलखात विहिरी आटलेल्या, आणि पाखरूसुद्धा त्या पाण्यावर उतरत नव्हतं.

"उतरू नका, बाई," गहिनीनाथ म्हणाला.

मी उतरले. डोणीभोवती ओला चिखल होता, आणि चिखलात अनवाणी पावलं. पुष्कळ. सगळी वेशीतून आत गेलेली. बाहेर आलेलं एकही नाही.

काठाजवळचं पाऊल सर्वांत ताजं होतं. त्याच्या खोलगट ठशात अजून पाणी झिरपत होतं. डावा पाय. मी वाकून पाहिलं.

करंगळी नव्हती.